धुरीची खोली

अंबड, नाशिक
४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि दोघीही ओरडून दमतो, म्हणून हे पत्र गावच्या वाल्मीकदादाच्या फुलांच्या टेम्पोतून पाठवते आहे. तो पंचवटीत माल उतरवायला येतोच.

आठवा महिना संपत आला. बाळंतपणाला मोहाडीला येईन, पण खोलीत शेगडी नको आणि बाळाला ओव्याची धुरी नको. डॉक्टर म्हणाल्या, मला दमा असल्याने बाळाला होण्याची शक्यता मुळातच जास्त. त्यात पहिल्या महिन्यांत धूर मिळाला तर आणखी. संतोषने सिगरेट सोडली आहे. दिवसभर बडीशेप चघळतो आणि माझ्यावर चिडतो.

तू मात्र चिडू नकोस.
तुझी रूपाली

मोहाडी
९ नोव्हेंबर

चि. सौ. रूपालीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल, शेवंती फुलली आहे. तुझ्यासाठी मागची खोली सारवली, गोवऱ्या रचल्या, बाजेखालची शेगडी घासून ठेवली, आणि तू लिहितेस नको. अगं, धुरीशिवाय बाळ अंग कसं धरणार? तू आणि भारत, दोघं बहीणभाऊ याच खोलीत चाळीस दिवस शेकलेले. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी किती लेकरं वाढवली, ते विचार एकदा.

थंडी लय आहे, स्वेटर घालत जा.
आई

अंबड
२२ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. भारत त्या खोलीतून धडधाकट निघाला हे खरं, पण मी? परवा खाली कुणी पाला जाळला तर मला तीनदा पंप घ्यावा लागला. पोटातलं बाळ इतकं निपचित झालं, की संतोषने मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बाळ ठीक आहे. पण आता बाळंतपण इथेच करते, संतोषच्या लताबाई मावशी येतील. तुला वाईट वाटेल हे कळतं. कळूनच लिहिते आहे.
रूपाली

मोहाडी
३० नोव्हेंबर

चि. सौ. रूपालीस आशीर्वाद.

आठवडाभर लिहायला बसते आणि उठते. तू विचारलंस, 'पण मी?' तर ऐक.

तू माघातली. गारठा असा, की दाराला गोधडी लावली होती. दहाव्या दिवशी तू खोकायला लागलीस. सासूबाई म्हणाल्या, कफ सुटतोय, ओवा वाढव. मी वाढवला. महिन्याची असताना तू निळी पडलीस. तुझ्या अण्णांनी मोटरसायकलवरून नाशिकला नेलं, मी मागे तुला छातीशी धरून. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर होतो का? मी 'नाय' म्हणाले. विडी कुणी ओढत नव्हतं, आणि धुरीला मी धूर समजतच नव्हते. घरी येऊन पुन्हा शेगडी पेटवली.

तू पाचवीत असताना गावात आरोग्याच्या बाई आल्या, धुरीही धूरच, हे त्यांच्याकडून कळलं. तेव्हापासून गप्प आहे. तुझ्या आजोबांना दमा होता, त्यांच्यावर ढकललं. आता तुझ्यासाठीही शेगडी घासली, कारण नको म्हणायचं तर का नको, तेही सांगावं लागलं असतं.

गोवऱ्या शेजारी देऊन टाकल्या. मी तिकडे येऊ का? नको म्हणालीस तरी समजेन.
आई

अंबड
२ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर ओकंओकं वाटतं. सृष्टीला अडीच महिने होत आले. मंगळवारी ती घरघरायला लागली आणि मी तिला तशीच उचलून दवाखान्यात नेलं. साधी सर्दी निघाली. पुढे दमा होईल का विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, चार-पाच वर्षं कुणीच सांगू शकणार नाही; अंगावर पाजत राहा, धूर लांब ठेवा. माझ्याबद्दलही विचारलं. धुराने त्रास वाढला असेल, पण आजोबांचा दमाही होताच, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, असं म्हणाल्या. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तुझं ते पत्र वाचून मला दोन दिवस राग आला होता. धुरीचा नव्हे, तुझ्या गप्प राहण्याचा. 'ये' एवढंच कळवलं, बाकी बोलले नाही. मग लताबाई मावशी धुपाटणं पेटवून आल्या, तेव्हा तू दारात आडवी उभी राहिलीस आणि चार बायकांदेखत सांगितलंस, की लेकीला मी यानेच आजारी केलं, नातीला करणार नाही. राग तिथे गेला.

मीही आज सृष्टीच्या बाबतीत काही चुकत असेन, मला ते ठाऊक नाही. कळेल तेव्हा तिला तसं सांगता येईल का, या विचाराने जीव थाऱ्यावर राहत नाही.

चैत्रात तिला घेऊन येते. महिनाभर राहीन. आहे ती माया दोघींवर असू दे.
तुझी रूपाली