दोन्ही काठांना ‘आलो’

नागभीड
२० जून १९५७

तीर्थरूप सोमाजीभाऊस धाकट्या वारलूचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे मामांकडे सुखरूप पोचलो. दादाजीमामा स्टेशनातून घरी आले तरी त्यांच्या कानात शिट्ट्याच वाजत असतात. जेवताना मामीला ‘लाइन क्लियर’ म्हणतात. मायला सांग, तिनं दिलेली सुकी मासळी मामीनं दोन दिवसांत संपवली.

मुख्य गोष्ट अशी की दोन्ही विद्यापीठांची पत्रं एकाच दिवशी आली. राज्य फुटल्यावर सागर विद्यापीठ आपल्याला परमुलखातलं झालं, म्हणून बी. ए. चं पहिलं वर्ष तिथं करून मी पुढच्यासाठी दोन ठिकाणी अर्ज टाकले होते, ते तुला ठाऊक आहेच. नागपूर घ्यायला तयार आहे आणि हैदराबादही. दोघांनाही पंधरा जुलैच्या आत माझे अस्सल कागद हवेत, गुणपत्रिका आणि सागरचा स्थलांतर दाखला. वाटेत भिजतील म्हणून ते मी मायच्या पेटीत ठेवून आलो, हे तर तूच पाहिलंस. इथे मागवून पुन्हा पुढे धाडायला वेळ नाही. तुझ्याकडूनच थेट गेले पाहिजेत.

मामा म्हणतात, मराठी पोरानं नागपूर सोडून कुठं जायचं, बी. ए. झालास की इथल्या शाळेत चिकटवतो. हैदराबादला इतिहासाचे एक प्राध्यापक आहेत, जुने तेलुगू शिलालेख वाचतात. मी त्यांना आपल्या घाटावरच्या दगडाबद्दल लिहिलं होतं, ज्याला तू डोंग्याचा दोर बांधतोस. त्यावरची अक्षरं सहा-सातशे वर्षांची असू शकतात, ठसा घेऊन ये, आपण दोघं मिळून वाचू, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. ते पत्र मी उशाशी ठेवतो.

पण मी काय सांगू? बाबा गेल्यावर तू शाळा सोडून वल्हं धरलंस ते माझ्यासाठी. वडिलांच्या ठिकाणी तू. तू म्हणशील तिथं जाईन. दोन्ही पत्ते मागच्या बाजूला लिहिले आहेत.

मायला नमस्कार. माझ्यावर आहे तशीच माया राहू दे.

तुझा
वारलू


सिरोंचा
३ जुलै १९५७

चिरंजीव वारलूले सोमाजीचा आशीर्वाद. वि. वि.

तुयं पत्र तेरा दिवसानं भेटलं. आलापल्लीच्या पुढं मोटर बंद हाये. डाकवाला गुडघाभर चिखलातून पायी आला अन माय त्याले चहा पाजल्याबिगर सोडे ना. इथी सारे बरे हायेत. पाणी लय चढलं हाये, दिवसाच्या दोनच खेपा करून राह्यलो.

चौथी शिकलेल्याले तू विद्यापीठ विचारतोस, मले हसू बी आलं अन छाती बी फुगली. तुयं पत्र मायले तीनदा वाचून दाखवलं. तुले कुठी जाचं हाये ते त्यात कुठीच नाई. माय म्हणे, दगडाचं पोरानं लय लिवलं. मी म्हटलं, लिवलं असन, पण मामाचं मन कसं मोडाचं? त्याच्याच घरी जेवून राह्यला तू. अन त्या प्राध्यापकानं एवढं हातानं लिवलं, त्याले बी नाई कसं म्हणाचं?

मग मले घाटावरचं सुचलं. दोन्ही काठावरून हाक आली का आपले बाबा काय करत? दोघायले बी ‘आलो’ म्हणत. कोणाचंच तोंड वाईट होत नसे. मी तसंच केलं. गुणपत्रिका डाकेनं नागपूरले धाडली. दाखला नूरुद्दीनभाईसंग पलीकडं देला. ते अत्तर घेऊन मंचेरियालले चालले होते, तिथून हैदराबादले रजिस्टर करतो म्हणाले. दोन्ही कागदासंग चिठ्ठी जोडली का पोरगा येऊन राह्यला, जागा राखून ठेवा. आता दोघायच्या बी हाती तुयं काईतरी हाये. तू निवांत ठरव.

मामाले रामराम. तब्येतीले जप, आमची याद ठेव.

तुया
सोमाजी


नागभीड
२ ऑगस्ट १९५७

सोमाजीभाऊस वारलूचा नमस्कार.

तुझं पत्र सतरा तारखेला पोचलं. मुदत पंधराला संपली होती. तरी रात्रीच्या गाडीनं नागपूरला गेलो. कारकून भला माणूस होता. त्यानं माझी गुणपत्रिका आणि तुझी चिठ्ठी दाखवली आणि दाखला कुठे विचारलं. हैदराबादला आहे म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाला. हैदराबादला तार केली. गुणपत्रिकेवाचून नाव घालता येत नाही, जागा दुसऱ्याला दिली, असं उत्तर आलं. प्राध्यापकांना लिहिलं, तर ते पुढच्या साली निवृत्त होऊन आपल्या गावी चालले आहेत.

भाऊ, विद्यापीठ म्हणजे घाटावरचा उतारू नव्हे. दोन कागद मिळून एक माणूस होतो, एवढंही तुला कळू नये? अर्धा मी इकडे आणि अर्धा तिकडे, आणि कुठेच नाही. चौथी शिकलेल्याला विचारलं, माझंच चुकलं.

मला हैदराबादलाच जायचं होतं. आता सांगतो. पहिल्या दिवसापासून तिथंच जायचं होतं.

मामांनी मालधक्क्यावर चिकटवलं आहे. लाकडाच्या वाघिणींवर खडूनं नंबर घालतो. दिवाळीला येणार नाही, मायला काय ते सांग.

वारलू


सिरोंचा
९ सप्टेंबर १९५७

चिरंजीव वारलूले, रागावला तरी आशीर्वादच.

तुये दोन्ही कागद वापस आले. एक आलापल्लीकडून आला, दुसरा पलीकडून माह्याच डोंग्यात. मीच वल्हवत आणला, काय हाये ते माहीत नसताना. मायनं दोन्ही पेटीत ठेवले. तुया पत्रातलं सारं मी तिले वाचून नाई दाखवलं. तुले सुटी नाई भेटत एवढंच सांगतलं. तवापासून ती दिवाळीचं नाव काढत नाई.

चूक माही हाये. चौथी शिकलेल्याची म्हण, नाईतर नुसती सोमाजीची म्हण. मी त्याच्यातून सुटत नाई. रोज डोंगा सोडताना याद येते अन तोंड कडू होते.

पण एक लिवतो, राग येईन तर येऊ दे. बाबा दोघायले ‘आलो’ म्हणत हे खरं, पण डोंगा तं एकाच काठाले लागे. कोणत्या, ते उतारू सांगे. कोणाची बाई अडली रायते, कोणाच्या घरी मयत रायते. तो नरडं फाटेपर्यंत ओरडते, तवा नावाड्याले समजते. तू पानभर लिवलं. बाबाचं लिवलं, माह्या वल्ह्याचं लिवलं. तुले जाचं कुठी ते नाई लिवलं. तेवढी एक ओळ असती तं मी दोन्ही कागद डोईले बांधून पुरातून पोहत गेलो असतो, हे तुले माहीत हाये. वडिलाच्या ठिकाणी म्हणून मले मान देला. मान नव्हता तो वारलू. मामाले नाराज कराचं काम तू माह्यावर टाकलं, अन मले बी ते झालं नाई. आपण दोघं भाऊच हाओत.

पाणी उतरलं, घाटावरचा दगड उघडा पडला. चिखल धुवून पाह्यला. दोरानं एका बाजूची अक्षरं पार झिजून गेली हायेत. पह्यले बाबाचा दोर, मग माहा. काल मी सागाचा खुंटा रोवला. आता डोंगा तिथीच बांधतो.

उरलेली अक्षरं हायेत तशी रायतीन. वाचणारा आला तं त्याले दिसतीन.

लोभ ठेव म्हणाचं तोंड मले नाई. मायले दोन ओळी धाड.

सोमाजी