नव्या सर्व्हरला पाजलेली बिअर

ओरुरो, सोमवार

प्रिय लिंबर्ट भाऊजींना सेनोबिया वहिनीचे आशीर्वाद.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इथे सगळं ठीक आहे. हे गेल्यापासून मला थंडी तेवढी जास्त वाजते.

तुम्ही बसवून दिलेला नवा सर्व्हर फार चांगला होता. (‘होता’ वाचून घाबरू नका, सांगते.) तुम्ही कोचाबांबाची बस धरलीत आणि दुसऱ्याच दिवशी महिन्यातला पहिला शुक्रवार, म्हणजे धरणीमायचा वार आला. आमच्या पाणी सोसायटीत नवी वस्तू आली की धरणीमायला बिअर पाजल्याशिवाय ती कामाला लावत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं! तुम्ही बजावलं होतंत, जमिनीवर चार थेंब, पेटीवर एकही नको. मी तो निरोप सगळ्यांना दिला, पण माझा आवाज मुळात लहान. व्यवस्थापक डॉन इलारियोन म्हणाले, “मागे पंपाला अख्खी बाटली पाजली, बघा कसा पळतोय!” काउंटरवरच्या डोन्या पास्कुआला म्हणाल्या, “पंप पाण्यातलाच आहे हो. याला पोहता येतं का, ते तरी विचारा!” तोवर बिअर वरच्या जाळीतून आत गेली होती. यंत्राने एक उचकी दिली आणि बटाटे करपल्यासारखा वास सुटला. “धरणीमाय प्यायली!” म्हणून डॉन इलारियोन ओरडले आणि टाळ्या पडल्या. (मीही वाजवल्या. सगळेच वाजवत होते.)

मग अडगळीतून जुनी दोन यंत्रं काढावी लागली. हे त्यांना म्हातारा-म्हातारी म्हणायचे, आठवत असेल. म्हाताऱ्याला डाव्या अंगाला यांनी थाप मारली की तो सुरू व्हायचा. ती थाप दुसऱ्या कुणाला येत नाही. डॉन इलारियोननी मारून पाहिली, हात सुजवून घेतला. म्हातारा काही उठला नाही. म्हातारी मात्र कळ दाबताच घरघरू लागली, आणि आता दोघांचं काम एकटी ओढते आहे. बिलं उशिरा निघतात, लोक काउंटरवर भांडतात. पण तिच्या पाठीवर पुन्हा सगळ्यांचे हातमोजे वाळू लागले आहेत. नव्या यंत्राला ऊबही नव्हती आणि आवाजही नव्हता. तुम्ही ते दिवसभर चालवून पाहिलंत तेव्हा कचेरी इतकी शांत झाली होती, की मी टेबलावरून सारखी उठून यांच्या यंत्रांच्या खोलीत डोकावत होते.

तरी मिळेल त्या बसने निघावे, असं डॉन इलारियोननी तुम्हाला लिहायला सांगितलं आहे. त्याप्रमाणे लिहिलं.

तुमची,
सेनोबिया वहिनी

ता. क. नवा सर्व्हर वाळवण्यासाठी गच्चीवर डोन्या पास्कुआलांच्या बटाट्यांशेजारी उन्हात ठेवला आहे. त्या रोज दोन्ही उलटून ठेवतात.

आणखी एक ता. क. भाऊजी, घाई करू नका. एक नोव्हेंबरला दुपारी गेलेली माणसं घरी येतात, आणि यांचं हे पहिलंच येणं. यांच्या आवडीच्या पदार्थांचं मेज मी मांडीनच, वरून उतरायला पावाची शिडीही करीन. पण हे कधी थेट घरी आले आहेत? आधी कचेरीत डोकावून म्हातारीची घरघर ऐकायचे, मगच घरी निघायचे. ती बंद दिसली तर बिघाड शोधत तिथेच बसतील, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जायची वेळ होईल. मेज तसंच राहील. म्हणून तुम्ही तीन तारखेला या. डॉन इलारियोनना मी तुमच्या गुडघ्याचं सांगून ठेवलं आहे.