ईसी म्हणजे काय ते सांगा

३ फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉप पुन्हा गेला. वाक्याच्या मधोमध. पुढचा शब्द बोटांत होता आणि पडदा काळा. हे आले, झाकण मिटलं, उघडलं – लख्ख चालू. "अगं, चालू तर आहे." आहे ना. तुमच्यासाठी आहे.

सकाळपासून चौथ्यांदा. यांच्या हातात एकदाही बंद पडत नाही. सूनबाईने तर तासभर त्याच्यावर बातम्या वाचल्या, पाय पसरून, चहा पीत. हूं की चूं नाही. मी बसले की यंत्राला झोप येते.

कोणाला लिहीत होते तेही लिहून ठेवते, ही वही कोणी वाचत नाही. वन्संना. यांची थोरली बहीण. ऐकू येत नाही त्यांना, म्हणून फोनचा प्रश्न नाही. सतरा वर्षं दर रविवारी आमची मेल, इकडून एक, तिकडून एक. जूनमध्ये मी त्यांच्या पत्रातल्या सात चुका तांबड्या रंगात दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. त्यांच्याच भल्यासाठी. त्यानंतर आठ महिने एक ओळ नाही. गणित शिकवायच्या, मुख्याध्यापिका होत्या म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या लाल केल्या, स्वतःचं एक पान लाल झालं तर केवढा रुसवा.

मेमध्ये इथे आल्या होत्या तेव्हा एक चुंबकाचं कडं दिलं होतं, रक्तदाबासाठी चांगलं म्हणून. मी कपाटात टाकलं होतं. गेल्या आठवड्यात काढून घातलं. रक्तदाबासाठी. दुसरं काही कारण नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाई म्हणते, "आई, तुमचा हात कुठेतरी चुकून लागत असेल."

चुकून! चौतीस वर्षं टाइपिंग आणि शॉर्टहँड शिकवलं. दोन हजारांवर मुली या हाताखालून गेल्या, कचेऱ्यांत, कोर्टांत, मंत्र्यांच्या खोल्यांत जाऊन बसल्या. हातात फूटपट्टी घेऊन रांगेतून फिरायचे – पाठ ताठ, नजर कागदावर, मनगटं उचला. जिची मनगटं टेकली तिला फूटपट्टीचा थंड स्पर्श. मारलं कधीच नाही, स्पर्श पुरायचा. आणि माझा हात चुकून लागतो.

मुलगा त्याहून वाईट. तो हळू आवाजात बोलला. "आई, तूच बंद केला असशील. होतं असं." एवढ्या प्रेमाने बोलला!

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेगडी मी पेटवलीच नाही, म्हणायची. पुढे लिहीत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेले. जिन्याखालची खोली, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास रोखायचा. बर्फाच्या ट्रेमध्ये स्क्रू, प्रत्येक खणात वेगळ्या मापाचे. व्यवस्था आवडली, बोलले नाही. दुकानदार कपाळावर भिंग चढवून बसलेला, दिव्याखाली तीन डोळ्यांचा दिसतो.

म्हणाला, "चालवून दाखवा."

बाकावर दोन गिऱ्हाइकं बघत होती. मी खुर्ची ओढली, पाठ ताठ केली आणि पानभर टाइप केलं, कळांकडे न बघता. एकदाही बंद पडला नाही. हरामखोर.

"मॅडम, स्पीड जबरदस्त आहे."

"स्पीडचं विचारायला आले नाही मी."

त्याने डोकं खाजवलं. "अधूनमधून जातो ना? मग ईसी असणार. ईसी बदलावा लागेल. नाहीतर अख्खा बोर्ड."

"ईसी म्हणजे?"

"ईसी म्हणजे... ईसी."

"पूर्ण रूप काय?"

"सगळे ईसीच म्हणतात, मॅडम. कोणी केबीसी म्हणतं. माझा उस्ताद एसआयओ म्हणायचा."

"म्हणजे तीन वस्तू?"

"नाही, एकच चिप."

"एकीला तीन नावं कशाला?"

"मी नाही ठेवली," तो म्हणाला. बाकावरचा एक हसला. मी बघितलं तसा थांबला.

मी त्याला आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरची गोष्ट सांगितली. जी मुलगी पूर्ण रूप माहीत नसताना लघुरूप वापरेल तिने बाकावर उभं राहायचं, माहीत होईपर्यंत. मी एकदा दीड तास उभी होते. तो म्हणाला, "मी तर दिवसभर उभाच असतो." हजरजबाबी आहे, पण सुटका नाही. सांगून आले – ईसी म्हणजे काय ते कळत नाही तोवर माझ्या लॅपटॉपच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. लॅपटॉप काखेत मारून घरी.

७ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाईचा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. सकाळी नऊ ते दीड. वरण करपलं, यांनी मुकाट्याने खाल्लं.

ईसी म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर. आत बसवलेली नियंत्रक. मोठा प्रोसेसर असतो तो पाहुण्यांत मिरवणारा कर्ता पुरुष, त्याचं नाव डब्यावर छापतात. ही आतल्या खोलीतली थोरली जाऊ. चालू करायचं बटण कोणी दाबलं, बॅटरी किती भरली, कुठे गरम झालंय, पंखा फिरव, कुठली कळ दाबली गेली – सगळं हिच्याकडे. आणि लॅपटॉप बंद केला, सगळे झोपले, तरी ही जागी! एक कान बटणाकडे ठेवून. तिने उठवल्याशिवाय कर्त्या पुरुषाला जाग येत नाही. इतकं करून हिचं पूर्ण नाव दुरुस्त करणाऱ्यालाही ठाऊक नाही. मला ही बाई फार आवडली.

केबीसी – कीबोर्ड कंट्रोलर. ते माहेरचं नाव म्हणायचं. पूर्वी नुसत्या कळा सांभाळायची, मग एकेक काम अंगावर पडत गेलं, जसं पडतं. एसआयओ – सुपर इनपुट आउटपुट. यातलं सुपर कोणी घातलं कोण जाणे, वरपक्षाकडचं असणार.

हे विचारत होते, आज एवढी खुशीत का. म्हटलं, नवीन जाऊ मिळाली.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज तीनदा. मोजणं सोडलंय, असं यांना सांगितलं. मोजते.

रात्रीची गोळी घेतली की नाही ते दोनदा तपासलं. घेतली होती.

११ फेब्रुवारी, बुधवार

मुलाने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अठरा तारखेची. स्मरणशक्तीच्या. "नुसतं दाखवून येऊ, आई." मी म्हटलं, कोणाला दाखवायचंय, तुला का? हसला. मला हसू आलं नाही.

उगाच आव आणत नाही. हिशेब साधा आहे. दोष यंत्रात नसेल तर माझ्यात आहे. तिसरी जागा नाही. यंत्र सगळ्यांकडे चालतं.

वन्सं बोलत असत्या तर लिहिलं असतं त्यांना. त्या म्हणाल्या असत्या, उदाहरण पुन्हा सोडव, घाईत एक पायरी गाळली असशील.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! सगळं क्रमाने लिहिते.

लॅपटॉप घेऊन दुकानात गेले तर भिंतीवर पुठ्ठा टांगलेला, स्केचपेनने मोठ्या अक्षरांत – ईसी म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर. खाली केबीसी आणि एसआयओसुद्धा. भिंगवाला म्हणाला, "शोधून काढलं. आता बाकावरून उतरू ना?" म्हटलं, उतर. एक वेलांटी चुकली होती. नंतर सांगेन.

मग त्याने माझ्या लॅपटॉपच्या बोर्डाचा नकाशा उघडला. मधे चौकोन, ती ईसी. चारी बाजूंनी तिच्याकडे येणाऱ्या तारा आणि प्रत्येक तारेवर आखूड नाव. मला तर आमचा वर्गच आठवला, लघुरूपांची रांगच्या रांग. मी एकेका नावावर बोट ठेवायचं, त्याने उलगडायचं. ही बॅटरीची. ही पंख्याची. ही बटणाची.

"आणि हे एल, आय, डी?"

"ते लघुरूप नाही मॅडम, लिडच. झाकण."

"झाकणाची तार ईसीकडे कशाला?"

"झाकणात बारीक चुंबक असतं. खाली, कळांच्या अलीकडे ही मोकळी पट्टी आहे ना, तिच्याखाली सेन्सर. झाकण मिटलं की चुंबक सेन्सरजवळ येतं. ईसीला खबर जाते, झाकण बंद झालं. ती लगेच पडदा घालवते, मशीन झोपवते."

"चुंबक," मी म्हटलं.

"चुंबक," तो म्हणाला. आणि आम्ही दोघांनी एकदमच माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

"मॅडम, ते कडं –"

"चुंबकाचं आहे. नणंदेने दिलंय."

"टेका बघू मनगट. इथे, पट्टीवर."

"मी मनगटं टेकत नाही."

"टेका तर."

"चौतीस वर्षांत टेकली नाहीत."

तो भिंग कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिला, तीन डोळ्यांनी. मी टेकलं.

पडदा काळा.

उचललं. त्याने बटण दाबलं, आला. टेकलं, गेला. सहा वेळा केलं आम्ही. सातव्यांदा कडं काढून टेकलं. पडदा तसाच, लख्ख. बाकावरच्या बाईने टाळी वाजवली. प्रकरण काय ते तिला कळलंही नसेल.

आता इथे खरं लिहिते. टेकते मी. घरी, कोणी नसताना. दीडेक वर्ष झालं, अंगठ्याचं मूळ दुखतं. चार लोकांत बसले की पाठ आपोआप ताठ होते आणि मनगटं वर जातात, म्हणून दुकानात तो बंद पडला नाही. दोन हजार मुलींना ज्यावरून फूटपट्टी लावली, तेच पाप माझ्या हातून रोज घडत होतं आणि ती जागी बाई निमूट तिचं काम करत होती. झाकण मिटलं म्हणून खबर आली, तिने दिवा मालवला. बिचारीची काय चूक?

डोकं शाबूत आहे. मनगट लबाड निघालं. एवढंच.

निघताना वेलांटीचं सांगितलं. त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि वर थँक्यू म्हणाला. असं असतं चूक सुधारणं. लोकांनी शिकावं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना प्रात्यक्षिक करून दाखवलं. कडं घालून टेकलं, गेला. काढून टेकलं, आहे. सूनबाई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "आई, म्हणजे तुम्ही टेकता?" हो, टेकते. तूही म्हातारी होशील.

मुलगा डॉक्टरांची वेळ रद्द करायला निघाला. म्हटलं, राहू दे, मी जाते आणि त्यांना ईसी समजावून येते, त्यांच्याही कामाची आहे. माझा हात धरून बसला जरा वेळ. किती घाबरला होता ते आत्ता कळलं.

सोमवारी आम्ही दोघं वन्संकडे जातोय. न कळवता. कडं परत करणार आहे, माझ्या हाताने. तिथे बोलायची वाक्यं आत्ताच तयार केली. "वन्सं, भेट दिलीत की सूड घेतलात?" हे चांगलं जमलंय. कडं आधीचं, पत्र नंतरचं, पण भांडणात तारखा कोण बघतो. "सात चुकांचे सात दिवस झोप उडवलीत माझी." हेही ठेवते. हे म्हणाले, "तिला ऐकू येत नाही, माहिताय ना?" म्हटलं, म्हणून तर मोठ्या अक्षरांत लिहून नेतेय.

गजर पाचचा. नवी साडी काढली. भांडायला जाताना नीट दिसावं.

१६ फेब्रुवारी, सोमवार, वन्संच्या घरी

दार उघडलं तर वन्संच्या मनगटावर तेच कडं. जोडीने घेतली होती, एक मला, एक त्यांना.

लॅपटॉप चादरीत गुंडाळून कपाटावर. टेबलावर वृद्धाश्रमाचा फॉर्म, सुबक अक्षरांत भरलेला, सही तेवढी बाकी. मी फॉर्मवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "मेपासून मी लिहायला बसले की पडदा जातो. शेजारीण बसली की चालतो. त्या गोंधळात लिहिलेलं पत्र तुझ्याकडून लाल होऊन आलं. सात चुका, माझ्या. म्हटलं, डोकं चाललं. तुला कळायच्या आत गप्प व्हावं."

तयार केलेलं एकही वाक्य बोलले नाही. फॉर्म उलटा केला, कोऱ्या बाजूवर ईसीचा चौकोन काढला, झाकणाची तार काढली, चुंबक काढलं. उदाहरण सोडवून होईपर्यंत त्यांना कळलं होतं. कडं त्यांनीच उतरवलं.

मग लॅपटॉप खाली काढला, त्यांना बसवलं, कागदावर लिहिलं – टेका मनगटं, खुशाल टेका. चार ओळी टाइप केल्या त्यांनी. पडदा हलला नाही.

तीन चुका होत्या. मी मोजल्या नाहीत.