फुलपाखराखालची मुंगी

मी, दोन मुलग्यांची आई, चार नातवंडांची आजी, जन्मभर लोकांचे कपडे शिवून घर चालवलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाकदपटशा केलेला नाही. तेवढा वेळ माझ्यासाठी कोणाकडे नाही.

१. राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. अट खाली आहे. आधीच तिकडे उडी मारू नये.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझ्याकडे काजं-बटणं करणाऱ्या बाईला. थोरला म्हणाला होता, "आई, हे भंगार काढून टाक." त्याची फी त्याच भंगाराने भरली. कात्रीने कोणी कागद कापू नये, धार मरते.

३. बँकेत उरलं असेल त्यात माझं शेवटचं उरकावं. माणसं जमवू नयेत. जिवंतपणी फिरकले नाहीत, मेल्यावर गर्दी कशाला?

४. चिकटवही. घरातले फोटो मी त्यात खळीने लावले होते. तेव्हा सगळेच कणकेची खळ वापरायचे. कणीक माणसाला गोड, तशी कागद खाणाऱ्या कसरीलाही. चौथ्या पानावर माझी थोरली मुलगी आहे, मुंगी. तिचा हा एकच फोटो. कसरीने नेमकं तिचं तोंड खाल्लं. कपाळ आणि हनुवटी तेवढी उरली होती.

मागच्या वर्षी धाकट्या सुनेने वही सजवायला घेतली. रंगीत कागद, चकाकी, वर "गोड आठवणी" असं लिहिलेलं. भोकावर पिवळं फुलपाखरू चिकटवलं.

"आई, बघा ना, किती छान झालं पान!"

"खाली कोण आहे ते माहितीये का?"

"कोणीतरी जुन्यातलं असेल ना?"

तिचा दोष नाही. तिला सांगायला नवऱ्यालाच ठाऊक नव्हतं. मी फुलपाखरू सोलायला गेले तर कपाळ आणि हनुवटीही त्याच्याबरोबर आली. आता चौथ्या पानावर फ्रॉक आहे आणि कडेवर एक गोळा आहे. तो गोळा म्हणजे थोरला. तोही परवा विचारत होता, "ही कोण गं?"

वही ज्याला हवी त्याने न्यावी. कोणी नेणार नाही.

५. म्हणून मुंगीचं पान मी इथे लावते. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात." मी म्हटलं, हीच आहे. वही रद्दीत जाईल, हा कागद सरकारी कपाटात राहील.

मुंगी सावळी होती. डावी भुवई मधोमध तुटलेली, मशीनच्या कोपऱ्यावर आपटली होती. पुढचा दात पडलेला, म्हणून तोंडावर हात धरून हसायची. रिकामी रिळं फ्रॉकच्या खिशात भरून न्यायची, दिसलं की म्हणायची, "मी नाही, मुंगीने नेलं." तेच नाव पडलं. भावाला उचलायची ताकद नव्हती, तरी खाली ठेवत नसे. सहा वर्षांची असताना तापात गेली. आवाज मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. तो गेला.

६. अट. दोन्ही मुलांनी एका खोलीत बसून पाचवं कलम मोठ्याने वाचून घ्यावं. त्यानंतरच वकिलांनी किल्ली द्यावी. घड्याळ बघितलं तरी चालेल. एकदा ऐकतील, घर विकतील, विसरतील. मला माझी पोरं माहीत आहेत. मी त्यांच्या जागी असते तर मीही विसरले असते.

स्थळ: मागची खोली. दिनांक: १७ जानेवारी.

सही (माझी, वाकडी आहे पण माझीच)

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरची नर्स २. समोरचा इस्त्रीवाला

आजींनी आमच्यासमोर शुद्धीत सही केली, एवढ्यालाच आम्ही साक्षीदार आहोत. पाचव्या कलमातल्या मुलीला आम्ही पाहिलेलं नाही.