घोटीला न थांबणारी गाडी

मंगळवार, संध्याकाळ

अप्पा रोज विचारतात, "तुझी आई कुठंय गं?" मी सांगते, आई गेली. आणि ते रोज नव्याने रडतात.

म्हणून त्यांचीच युक्ती त्यांच्यावर चालवली. लहानपणी इतिहासाचे मुद्दे ते मला नाशिक रोड ते इगतपुरीच्या स्टेशनांवर ठेवायला लावायचे, एका स्टेशनावर एक. परीक्षेत डोळे मिटून मनातल्या गाडीत बसलं की सगळं आठवायचं.

आठवडाभर त्यांच्याकडून घोकून घेतलं. देवळालीला गोळी, लहवितला चष्मा, अस्वलीला नातीचं नाव, पाडळीला गॅस बंद करणं. घोटीला आई गेल्याचं. घोटीलाच का ठेवलं मी? तिचं माहेर म्हणून. मूर्खपणा, दुसरं काय!

आज चहा झाल्यावर म्हटलं, "अप्पा, सांगा बरं." पाडळीपर्यंत धडाधड सांगितलं, नातीच्या नावासकट. मग एकदम इगतपुरी.

"आणि घोटी?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "आपली गाडी घोटीला थांबत नाही, बाळा."

दिवसभरात आईचं विचारलंही नाही. म्हणजे घोटीचंही पाठ झालं. पाठ झालेलं पुसायचं कसं, ते मात्र त्यांनी मला कधी शिकवलं नाही.