दार उघडलं, मावशी

प्रिय मावशी,

बातमी अशी, की शेवटची खोली सुटली! दुसऱ्या कुणाला सांगून त्याचं मोल कळायचं नाही, म्हणून सटाण्यात टेम्पोच्या टपावर बसून तुलाच लिहितोय. खाली कांदा भरणं चाललंय. उन्हात काय रंग दिसतो गं कांद्याचा, अगदी तुझ्या त्या लुगड्या... ते असो.

एकलहऱ्याला तुझ्या स्वयंपाकघरात आपण दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचो. बंद खोलीचं चित्र, त्यात बोट लावून वस्तू शोधायच्या, कोडी सोडवायची, कुलूप उघडून बाहेर पडायचं. एकदा तुझी पाळी, एकदा माझी. तेवढाच वेळ मी एका जागी टिकतो, असं तू सगळ्यांना सांगायचीस. आणि काका कुरकुरायचे, घरात बसून कुठून सुटताय रे दोघं?

या खोलीनं मात्र आपल्याला अडवलं. कुलपाला चार आकडे हवेत आणि ते कुठेच नाहीत. कोनाड्यात एक दिवा. मी त्याला बोट लावलं की ज्योत थरथरायची आणि तू माझा हात बाजूला करायचीस.

“पेटता दिवा विझवतात होय रे घरात?”

मी म्हणायचो, मावशी, खेळ आहे हा.

“मग? खेळातलं घर घर नाही का?”

पुढे कपाटात ती लांब दांड्याची पितळी पळी सापडली. तू पळी म्हणालीस, मलाही पळीच दिसली. त्या पळीनं कुंडीला पाणी घातलं, खिडकीतल्या मांजराला दूध पाजून पाहिलं. दार ढिम्म!

दवाखान्यातही तू विचारलंस, दारामागे काय असेल रे? मी म्हटलं, अजून एक बंद खोली. तू म्हणालीस, “अंगण असणार. बघ तू.” आणि स्वतः न बघताच गेलीस. असं करतात का?

काल इथल्या टपरीवरच्या आजींनी दुकान आवरताना देवापुढच्या दिव्यावर वाटी उपडी घातली. फुंकर नाही, काही नाही. दिवा शांत झाला. मी चहा तसाच ठेवून मोबाइल काढला. ती पळी नव्हतीच गं! दिवा शांत करायचं झाकण होतं ते. ज्योतीवर उपडं ठेवलं, खोलीत अंधार झाला आणि भिंतीवर चार हिरवे आकडे चमकायला लागले.

मी असा ओरडलो, की टेम्पोवाले अण्णा पळत आले. म्हणाले, “काय रे, कांद्याला भाव चढला का?”

अंगणच आहे, मावशी. दोरीवर कपडे वाळत घातलेत, पायरीवर ऊन आहे, वर मोकळं आभाळ. जिंकलीस तू! ते बघताना मी मोबाइल जरा डावीकडे धरला, तू बसायचीस त्या बाजूला.

मग काकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “मला दाखवशील? पहिल्या खोलीपासून.”

तर शब्द देतो. कांदा नाशकात उतरला की थेट एकलहरे, मध्ये कुठेही रेंगाळणार नाही. काका नको तिथे बोट लावतील, लावू देत. मी उत्तर आधी सांगणार नाही. तुझी पाळी आता त्यांची.

तुझा भाचा,
पप्या