हात मागे

१४ एप्रिल
शिकवायला नेलं वेदला आणि शिकवणी लागली मला! तेजस्वी मॅडम — रत्नागिरीच्या थेरपीवाल्या — म्हणाल्या, "वेद माझ्याकडे आठवड्यातून एकदा येणार. रोज तुमच्याकडेच. मग शिकायचं कोणी?" ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांनाच त्या तयार करतात म्हणे. पहिला धडा: जेवताना ताट त्याच्यापुढे, आपले हात पाठीमागे. भरवायचं नाही. थांबायचं.
थांबायचं! मला चहाला उकळी येईपर्यंत थांबवत नाही.

१६ एप्रिल
शाळेच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय — जूनपासून घेऊ, पण डबा त्याचा त्याने खायला हवा, भरवायला माणूस नाही. सहा वर्षांचा झाला माझा लेक. ओला भात बोटाला लागला तरी हात झटकतो, किंचाळतो. आणि जून काय लांब आहे?
आज ताट पुढे ठेवलं. तो पंख्याकडे बघत बसला. भात गार झाला. माझे हात पाठीमागे एकमेकांना ओरबाडत होते. शेवटी भरवलाच.

१९ एप्रिल
पुन्हा तेच.

२३ एप्रिल
आज निभावलं असतं. पण सासूबाई बागेतून आल्या. "पोटाला कसली शिकवणी गो? पोर सुकलं!" हात धुऊन बसल्याच मांडी घालून — हा घास काऊचा, हा चिऊचा. वेदने सगळा भात संपवला. मी भांडले, रडले, मग पडवीतल्या आंब्याच्या पेट्या उगाच इकडच्या तिकडे केल्या.
रात्री नवऱ्याचा, दीपकचा, मुंबईहून फोन: "नसेल जमत तर एक वर्ष जाऊ दे." याचं काय जातंय म्हणायला!

२ मे
मॅडमनी जेवणाचा व्हिडिओ मागितला होता. मोबाइल डब्याला टेकवून काढला. म्हटलं, दिसू दे त्यांना, हा हातच हलवत नाही.
आज त्यांनी तो मलाच दाखवला. आवाज बंद, अगदी सावकाश. "चेहरा सोडा, उजवा हात बघा." वेद पंख्याकडेच बघतोय — आणि बोटं ताटाकडे सरकताहेत. कडेला टेकली. तेवढ्यात माझा हात आला, घास घेऊन. बोटं मागे. थोड्या वेळाने पुन्हा सरकली, पुन्हा माझा हात.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येताना एसटीत, पावस गावाला उतरेपर्यंत, मी त्याच्या बोटांकडेच बघत होते.

३ मे
सासूबाईंनी चष्मा लावून व्हिडिओ दोनदा पाहिला. "माझा हात तरी काय वेगळा असेल गो," एवढंच म्हणाल्या. जेवताना दोघी ताटासमोर, हात मागे. किती बावळट दिसत असणार! वेदने दोन शितं उचलली, टाकली, बोटं चड्डीला पुसली. किंचाळला नाही.

११ मे
बोटं भातात जातात. तोंडात काही नाही. माझा जीव नुसता खालीवर.

१८ मे
दुपारी मी जेवायची राहिलेच होते. वेदने भात चिवडून वेडावाकडा घास केला. मी हात मागे घट्ट धरले. घास त्याच्या तोंडाकडे गेलाच नाही — माझ्या तोंडापुढे आला. "काऊ," म्हणाला. आणि तसाच हात धरून थांबला.
तोंड उघडायला मलाच वेळ लागला.